मॅडमचा गुडघा

आमच्या लशीच्या जीपमध्ये पावसाळाभर चिखल साचतो आणि किस्से साचतात. चिखल दसऱ्याला गाडी धुतली की जातो. किस्से मात्र राहतात, म्हणून सांगून टाकते.

मी नर्स, उंची जेमतेम पाच फूट. रामदीन भैया ड्रायव्हर. कोलार रोड सोडून कच्च्या रस्त्याला लागलं की भैयांचा नियम सुरू. नाला आला की आधी मी काठी घेऊन उतरायचं. पाणी माझ्या गुडघ्याच्या वर असेल तर गाडी परत. "फोर-व्हील है मॅडम, नाव नहीं है," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

*

पहिल्याच वर्षी चिखलात रुतलो. जीप जुनी. पुढच्या चाकांनी जोर लावायला हवा असेल, तर खाली उतरून त्यांच्या मधोमध असलेले हब हाताने फिरवून लॉक करावे लागतात. मला वाटलं भैयांनी केले, भैयांना वाटलं मी. अर्धा तास इंजिन बोंबलतंय आणि पुढची चाकं आपली निवांत! शेवटी मी कोपरापर्यंत चिखलात हात घालून हब शोधले. तेव्हापासून पुढच्या सीटवर बसेल त्याने हब लॉक करायचे, मग तो कुणीही असो.

*

यंदा नवे डॉक्टर आले. साकेत नगरचे, चांगले सहा फुटी. नाल्यापाशी म्हणाले, "मी मोजतो." पाणी त्यांच्या गुडघ्याखालीच भरलं. ऐटीत परत आले, तर भैया गाडी वळवत होते.

"साहब, घुटना बदलने से नाला थोड़ी बदलता है."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. पलीकडच्या गावात अकरा बाळांची लस राहिली होती.

*

पुढच्या मंगळवारीही पाणी माझ्या गुडघ्याच्या दोन बोटं वर. डॉक्टर म्हणाले, "आता तिसऱ्यांदा परत फिरलो, तर हे गाव दिवाळीपर्यंत यादीतून काढतो."

"काढून तर बघा," मी म्हणाले. लशीच्या पेटीतला बर्फ टिकेल तोवर काठावर बसून राहिले. पाणी काही उतरलं नाही.

*

त्या गावची आशा कार्यकर्ती कमला. जूनच्या फेरीत भैयांचा नियम ऐकून ती खाली वाकली, माझ्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत सुतळी लावली आणि गाठ मारली. मला वाटलं, असेल काही नवस-बिवस.

"हे काय गं?"

"रहने दो मॅडम, काम आएगी."

*

तिसरा मंगळवार. आदल्या दिवशी शहरात धो धो पाऊस झालेला. निघण्याआधीच डॉक्टर पेन काढून यादीवर वाकले, तेवढ्यात माझा फोन वाजला. कमला. मी स्पीकर लावला.

"मॅडम, आपका घुटना आज पानी से चार उंगल ऊपर है. आ जाइए."

डॉक्टरांनी आधी फोनकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे.

आम्ही पोचलो, तर नाल्याच्या मधोमध एक बांबू रोवलेला, त्यावर ऑइलपेंटची लाल रेघ. पलीकडे कमला आणि तिच्यामागे कडेवर बाळं घेतलेल्या बाया. मी काठी टेकत गेले आणि बांबूला पाय लावून उभी राहिले. रेघ बरोबर गुडघ्यावर, पाणी चार बोटं खाली.

भैयांनी काठावरून नीट बघून घेतलं. मग पुढच्या सीटकडे वळून म्हणाले, "साहब, उतरिए. हब लॉक कीजिए."