तांबोशीचा तपास

निवृत्त झाल्यावर लोक मला खुनाच्या, दरोड्याच्या गोष्टी विचारतात. मला मात्र अजूनही आधी आठवते ती बदलापूर पश्चिमेची तांबोशीची केस.

बेलवलीचा एक गृहस्थ सकाळी पोलीस ठाण्यात आला. बाजारात मासा घेऊन पिशवी स्कूटरच्या हुकाला लावली आणि कोथिंबीर राहिली म्हणून किल्ली गाडीलाच ठेवून तो मागे वळला. परत येतो तर गाडी नाही. मी गाडीचा नंबर विचारला, तर तो माशाचं वर्णन करू लागला.

"सायेब, गाडीचं नंतर बघा, मासा शोधा. बा हास्पिटलातून आल्यापासून अन्नाला शिवत नाय. काल पयल्यांदा मागितलं, तांबोशी आन. पन अख्खी आन, मना बघायचीय."

वडील मिठागरावर राबलेले, खाडीत गळ टाकणारे. तांबोशी म्हणजे लालबुंद, जाड खवल्यांचा, अंगात रग असलेला मासा. गळाला लागला तरी दगडांत घुसून दोरी तोडतो. आयुष्यभर त्याच्याशी झुंजलेल्या माणसाला तुकडे दाखवून कसं चालेल? म्हणून मुलाने कोळणीला सुरीच लावू दिली नव्हती.

मी गुन्हा नोंदवला, माणसं पिटाळली. मी मूळचा मालवणकडचा. या तपासात साहेब जरा जास्तच लक्ष घालताहेत, हे हवालदारांनी ओळखलं आणि ते गालात हसले.

दुपारी खबर आली. हेंद्रेपाड्यातला एक रिक्षावाला, आमचा जुना खबरी, ढेकर देतच आत शिरला.

"साहेब, शेजारच्या मावशीनं कालवणाची वाटी पाठवली. तांबोशी! तिचा पोरगा कंपनीतून निघाल्यापासून बेकार, घर सुकटीवर चाललंय. मला खटकलं."

"खटकलं तरी खाल्लंस?"

"आधी खाल्लं, मग खटकलं."

आम्ही ते घर गाठलं. पोरगा तिशीचा, साधा. मासा बाजारातून विकत घेतला म्हणाला. माझी नजर मोरीकडे गेली. तिथे लाल खवल्यांचा खच पडला होता. एवढा मासा घेतला तर कोळीण तो साफ करून, तुकडे करूनच देते.

"साफ कुणी केला?" मी विचारलं.

पोराने तोंड उघडण्याआधी आई कौतुकाने बोलली, "मीच! अख्खाच घेऊन आला. खवले काढता काढता बोटं सोलली माझी. पण आळीत सगळ्यांकडे वाटी गेली हो. पहिल्यांदाच एवढा मासा आणलाय पोरानं."

पोराची मान खाली गेली. स्कूटर कुठे झाकून ठेवली आहे, ते त्याने आपणहून सांगितलं.

"गाडी लपवलीस ते समजलं. मासा घरी कशाला आणलास?"

"टाकवेना, साहेब. आईला तांबोशी आवडते."

अशा वेळी आया रडतात, आम्हाला शिव्या घालतात. हिने पदराला हात पुसले. मग मासा कुणाचा, एवढंच तिने विचारलं. मी म्हाताऱ्याचं सांगितलं.

"डोकं ह्या पोरासाठी बाजूला ठेवलं होतं," ती म्हणाली. "चला, मला तिथे घेऊन चला."

पोराला ठाण्यात पाठवलं. मुद्देमाल शिजला असला तरी मालकाचाच होता, म्हणून तिला पातेल्यासकट जीपमध्ये घेतलं.

बेलवलीच्या घरात बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिने ताट वाढलं आणि काहीही लपवलं नाही. "बाबा, तुमचाच मासा. माझ्या पोरानं चोरला, मी शिजवला. अख्खा दाखवता येत नाही आता."

बाबा उठून बसले. ताटातल्या डोक्याकडे बघत राहिले. "मोठी व्हती गो," म्हणाले. गालाचं मांस बोटांनी अलगद काढून त्यांनी एक घास घेतला, मग आणखी एक. दाराशी उभ्या त्यांच्या मुलाने तोंड फिरवून डोळे पुसले. जेवता जेवता बाबा थांबले आणि त्यांनी तिला विचारलं, "तुजा पोर जेवला का?"

तोवर कोरड्या डोळ्यांनी वावरलेली ती बाई तिथे ओक्साबोक्शी रडली.

पुढे मालकाने कोर्टात आपली तक्रार नसल्याचं सांगितलं आणि कोर्टाच्या परवानगीने प्रकरण मिटलं. मी मात्र त्या तपासातून एक गोष्ट शिकलो. पोराने मासा आईला दिला, आईने आळीला दिला, म्हणूनच तो सापडला. ज्यांना एकट्याने खाता येत नाही, ते पक्के चोर होत नाहीत. त्यानंतर कुणाही आरोपीच्या घरी गेलो की मी आधी शेजाऱ्यांना विचारायचो, या घरातून तुमच्याकडे कधी वाटी येते का? हो म्हणाले, की त्या माणसाबद्दल मला आशा वाटायची.