दुपाखी छप्पर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ज्यांना सांगायला हवं होतं ते दोघंही आता नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते आहे. यातही भित्रेपणाच आहे, कळतं मला. पण ऐका.

तशी मी खोटारडी बाई नाही. म्हणजे — मासळीचा भाव करताना बोलते थोडं, तेवढं कोण बोलत नाही? पण हे तसलं नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर सात-आठ वर्षांची गोष्ट. आमचं घर देवबागला. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे वाळूची पट्टी. तोवर घरावर माडाच्या झावळ्या होत्या. दरवर्षी पावसाआधी नव्या घालायच्या, दरवर्षी तीच कटकट. हे — माझे यजमान — मुंबईला गोदीत कामाला होते. त्यांनी ठरवलं, आता मंगळुरी कौलं घालायची. गावात कौलारू घरं बोटांवर मोजण्याइतकी. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

काम दिलं भिवा मेस्त्रीला. साठीचा, काटक सुतार. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची. आला आणि समुद्राकडे तोंड करून अंगणात नुसता उभा राहिला. मला वाटलं, म्हातारा कामचुकार दिसतोय. मग म्हणाला, "वयनीनू, चौपाखी करूया. चारय बाजूंनी उतार. वारो वरसून सरान जायत. दुपाखी केल्यात तर दोनय बाजूच्यो भिंती वाऱ्याक छाती दाखवतल्यो. हय ता टिकाचा नाय."

मला दुपाखीच हवं होतं. मालवणात एका व्यापाऱ्याचं घर बघितलं होतं ना — दोन बाजूंना उतरतं छप्पर, दर्शनी उंच त्रिकोणी भिंत आणि त्या भिंतीत माळ्याची खिडकी. त्यापुढे चौपाखी म्हणजे कानांवर टोपी ओढून बसलेला म्हातारा! खरं सांगू? त्या खिडकीतून मला काही बघायचं नव्हतं. खाडीतून माणसं पार करणारी होडी, आमची तर, जायची; तिच्यात बसलेल्या बायकांनी मान वर करून विचारावं, "ह्या घर कोणाचा गो?" — एवढ्यासाठी. हसा तुम्ही, खुशाल हसा.

मी ह्यांना पत्र लिहिलं. दोन्ही प्रकार कळवले, दुपाखीची जरा जास्तच तारीफ केली. उत्तर चारच ओळींचं आलं. त्यातली एक मला अजून पाठ आहे — "छपराचं भिवा मेस्त्री सांगेल तसं कर, त्याला वारा कळतो."

मेस्त्रीला वाचता येत नव्हतं. तो पडवीच्या पायरीवर बसलेला, मी पत्र धरून उभी. घरात तिसरं माणूस नाही. आणि मी वाचलं — "छप्पर दुपाखीच घालायचं, मेस्त्रीला तसं सांग."

किती सोपं होतं! जीभसुद्धा अडखळली नाही.

"परत एकदा वाचा बघूया," तो म्हणाला. मी परत वाचलं. दुसऱ्या खेपेला तर "माझ्या मनात तेच आहे" असं एक वाक्य पदरचं घातलं. तो पायरीवरून उठला. "बरा. घरधनी सांगता तर करूचा लागतला." पत्र मी त्याच संध्याकाळी चुलीत सारलं. त्याने मात्र पटत नसतानाही जीव ओतून काम केलं, एकेक वासा पारखून घेतला.

दोन पावसाळे निभावले. तरीतल्या बायकांनी विचारलं हो, विचारलं! मी मिरवून घेतलं. तिसऱ्या वर्षी कार्तिकात भरदुपारी वादळ झालं. समुद्राकडची त्रिकोणी भिंत आत कोसळली, तिथून वारा घुसला आणि अर्धं छप्पर उचलून त्याने खाडीत टाकलं. मी विहिरीवर होते म्हणून वाचले.

हे मुंबईहून आले. मेस्त्रीला बोलावलं. "तुका वारो कळता म्हणान तुझ्यार सोडलंय, आणि तू दुपाखी केलंस?"

"तुमच्याच पत्रात होता," मेस्त्री म्हणाला.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. त्या घटकेला खरं बोलले असते तर? चार दिवस अबोला झाला असता, आणखी काय? मी म्हटलं, "मी होता तसाच वाचलंय. मेस्त्रीच म्हणालो, दुपाखी लवकर होता." पत्र कुठे आहे? हरवलं.

ह्यांनी देवळात नारळ ठेवला. आमच्याकडे खरंखोटं ठरेना की देवापुढे गाऱ्हाणं घालतात आणि जमलेले सगळे त्याला होकार भरतात. "बा देवा म्हाराजा, ह्या घराच्या बाबतीत जो कोण खोटा बोललो असात, तेचो न्याय तू कर रे म्हाराजा!" — "व्हय म्हाराजा!" मेस्त्री ओरडला, ताठ मानेने, खणखणीत. आणि मी? मीही ओरडले. इतक्या मोठ्याने, की ह्यांनी समाधानाने माझ्याकडे पाहिलं. लाज वाटते सांगताना, पण तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

देवाने मला काही केलं नाही. साधा तापसुद्धा आला नाही. मेस्त्रीचं मात्र गावानेच केलं. ज्याच्यावर नारळ ठेवलाय त्याच्या हातून घर कोण बांधून घेणार? वर्षभरात तो कुडाळला भाच्याकडे गेला आणि तिथे आंब्याच्या पेट्या ठोकत बसला. अख्ख्या गावावर छप्पर घालणारा माणूस! आम्ही दुसऱ्या सुताराकडून चौपाखी करून घेतलं. मी त्याच छपराखाली संसार केला, सुखाने झोपलेही.

काही वर्षांनी कुडाळच्या बाजारात तो समोर आला. डोळे अधू झालेले. मी तोंड फिरवणार तेवढ्यात त्यानेच मला ओळखलं. वाटलं, आता शिव्या घालील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"वयनीनू, चौपाखी केल्यात असा आयकलंय. बरा केल्यात," तो म्हणाला. "गळणा नाय मां?"

हे दहा पावलांवर कोयते बघत उभे होते. हाक मारली असती तर ऐकू गेलं असतं.

"गळणा नाय," मी म्हटलं, आणि पिशवी सावरत ह्यांच्याकडे चालत गेले.