माझ्या नावचे पैसे

सरकार बायकांच्या खात्यावर पैसे टाकतंय, ते काढायला गावातल्या दुकानात रांगेत उभी होते. कडेवर छकुली, अंग नुसतं भाजत होतं तिचं. माझ्यापुढं शेजारच्या शांताक्का. त्यांनी मशीनवर अंगठा दिला, नोटा घेतल्या आणि बाहेर जाऊन नवऱ्याच्या हातावर ठेवल्या. त्यानं मागितल्याबी नव्हत्या. हात आपला आपणच गेला.

ते बघून मनात आलं, माझा हातबी तसलाच हाय की. लहानपणी कापूस वेचल्याचे पैसे आईच्या पदरात, लग्नानंतर सासूबाईंपुढं. मुठीत ठेवायचं हाताला कुणी शिकवलंच न्हाई. आणि आमचे हे बाहेर गाडीवर बसलेले. वाईट न्हाईत, पण म्हणत होते, "ताप उतरंल उद्या. आधी विहिरीवरची मोटर दुरुस्त करू." पोरीनं तर सकाळपासून दूध तोंडात धरलं नव्हतं.

माझा अंगठा लागला, नोटा आल्या. दुकानदार म्हणला, "वहिनी, मोजून घ्या." मी कुठली मोजतीय!

बाहेर आले तर ह्यांनी हात पुढं केलाच. "आण इकडं, पाडशील कुठंतरी."

माझा हात नोटांसकट निघालाच होता बघा. तेवढ्यात काय सुचलं कुणास ठाऊक, दुसऱ्या हातानं मी छकुलीच त्यांच्याकडं दिली.

"अगं, किती तापलीय ही!"

"तेच म्हणतीय कवाधरनं. गाडी दवाखान्याकडं घ्या."

त्यांनी पोर परत माझ्याकडं दिली, मी मागं बसले. गाडी दवाखान्याच्या वाटेनं गावाबाहेर पडली तरी माझी मूठ काही उघडंना.