झूरा आपा बिऱ्हाड हलवते

आमच्या शेजारच्या तंबूतली झूरा आपा सत्तरीची, हाडाने काटक आणि जिभेने तिखट. माझ्या नवऱ्याच्या, तोक्तोमुशच्या, डोक्यावर मिऱ्या वाटणारी अख्ख्या नारिनच्या डोंगरात ती एकटीच. मी वीस वर्षं नुसती प्रयत्नच करते आहे.

त्या उन्हाळ्यात महिना उलटला तरी आमच्या तीनशे मेंढ्या झऱ्याकाठच्या खालच्या कुरणावरच चरत होत्या. वरच्या कुरणावर जायचं तर दोन दिवसांची चढण, आणि नवरा पक्का आळशी. आपाचा जीव मात्र खालच्या कुरणात अडकला होता. पुढल्या वर्षी तिचे गुडघे वर चढू देणार नव्हते, आणि हे गवत संपलं तर तिच्या चार गायींनी खायचं काय?

"पोरा, मुळं उघडी पडली की पाऊस माती घेऊन जाईल. मग झऱ्यातला चिखल प्या."

"आपा, गवत काय, पुन्हा उगवतं."

"तुझ्या टकलावर उगवलं का?"

तरी तो हलला नाही. मग आपाच हलली.

आमच्याकडे कुणी शेजारी नवा तंबू ठोकला की आधीच्यांनी त्याला पहिलं जेवण घालायचं, तेही मांसाचं. चुकवलं तर सात दऱ्यांत नाव बद्दू. एका सकाळी आपाने तंबू उतरवला आणि चाळीस पावलांवर पुन्हा उभारला. दोऱ्या ताणायला तोक्तोमुशलाच बोलावलं. "नवी शेजारीण आलेय हो," म्हणाली. आम्ही मेंढी कापली. चार दिवसांनी तंबू झऱ्यापलीकडे. दुसरी मेंढी. मग खडकापाशी. तिसरी.

"ही काय थट्टा चालवलीय?" नवरा ओरडला.

"थट्टा कसली? जागा मानवत नाही मला," आपा हाड चोखत म्हणाली. "सूनबाई, रस्सा फक्कड झालाय हं."

रांधून रांधून माझी कंबर मोडली. पण पुढची जागा कुठली धरावी, हे तिला मीच सुचवत होते. मलाही वरची थंड हवा हवी होती.

पाचव्या मेंढीला तोक्तोमुश शरण आला, पण अट घालून. "आधी तू वर जा. मी मागून येतो. या खेपेला नवा शेजारी मी!"

आपाचा चेहरा उतरला. कापण्याजोगा तिच्याकडे एकच मेंढा होता, हाताने दूध पाजून वाढवलेला. तरी ती गुडघे बांधून घोड्यावर बसली. आम्ही वर पोचलो तेव्हा मांस शिजत होतं. तिने घासही घेतला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्याचाही हात तिसऱ्या हाडाशी थांबला.

"आपा, एवढं सगळं गवतापायी?"

"पुढल्या वर्षीही मी जगणार आहे रे मेल्या, त्यापायी."

थंडीच्या तोंडावर उतरलो तेव्हा खालचं गवत पोटरीला लागत होतं. मेंढ्या धावत सुटल्या. तोक्तोमुशने घोडा आडवा घातला आणि ओरडून ओरडून त्यांना दगडांच्या वाटेने वळवलं.

"चरू दे की थोडं," आपा मुद्दाम म्हणाली.

"अजून बी झडायचंय!" तो खेकसला. "आणि आधी तुझी गाय आवर, आत शिरतेय ती!"