संतपूरच्या सागवानात जपानी सांधा

उदगीर सोडलं तेव्हा जीपमध्ये आम्ही चौदा जण होतो आणि माझ्या मांडीवर लाकडाचा एक सांधा होता. दोन तुकडे एकमेकांत अडकवलेले, मध्ये पाचर. खिळा नाही, सरस नाही. जपानी सुतार तुळया अशा जोडतात. हैदराबादच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याला नव्या बंगल्याचा दिवाणखाना याच पद्धतीने हवा होता आणि नकाशे माझे होते. तिथल्या तीन सुतारांनी नकार दिल्यावर ते व्यापारी म्हणाले, "आमच्या संतपूरला मारुतीअप्पा आहेत. त्यांना दाखवा."

कर्नाटकात शिरून औराद ओलांडल्यावर काळं रान सुरू झालं. तूर वाळत आली होती. पाट्या कन्नडमध्ये, जीपमधलं बोलणं मराठीत, आणि रस्ता अडवणाऱ्या म्हशींना ड्रायव्हर दखनीत समजावत होता.

मारुतीअप्पा साठीचे. आयुष्यभर बैलगाड्या केल्या. ट्रॅक्टर आल्यावर हैदराबादला स्लॅबच्या फळ्या ठोकायला गेले आणि सहा वर्षांनी परतले. "खिळं ठोकायचं, खिळं काढायचं," ते म्हणाले. "सुतारकी न्हाई ती."

मी सांधा हातात दिला. कसा उघडतो हे सांगायच्या आत त्यांनी अंगठ्याने पाचर सरकवून तो उघडलाही.

"लाकूड मऊ हाय हे. आपलं सागवान असं वागंल का, अक्का?"

"करून बघू या," मी म्हणाले.

त्यांनी आतून सागवानाचा एक लांब ओंडका आणला. त्यांच्या पत्नी गंगाबाई उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या घराला पत्र्याचं दार होतं. हे लाकूड नव्या दारासाठी नऊ वर्षं जपलेलं, हे मला नंतर कळलं.

ओंडक्याच्या अर्ध्या भागावर दोन दिवस पटाशी चालली. मी बाजूला बसून प्रश्न विचारत होते. दुपारी गंगाबाई भाकरी आणि पुंडी (अंबाडीची भाजी) वाढत. तिसऱ्या दिवशी सकाळी सांधा जुळला. शेवटची पाचर मी मारते म्हणाले. मला फोटोही हवा होता.

"हळू, अक्का. लई जोरात मारायलाव."

मी आणखी एक ठोका घातला. लाकूड वीतभर फाटलं.

मग गंगाबाई म्हणाल्या, "दाराचं लाकूड होतं ते."

मला मान वर करवेना. दुसरं सागवान पाठवते म्हणाले.

"पाठवा," अप्पा म्हणाले. "पर आधी हे कामून फाटलं ते बघू." आणि फाटलेला तुकडा ते उन्हात नेऊन फिरवून फिरवून बघू लागले.

चूक माझ्या ठोक्याची होती, तशी नकाशाचीही होती. जपानी लाकूड पाचरीखाली थोडं दबतं. हे जुनं, वाळलेलं सागवान दबत नव्हतं. पाचरीलगतची कड जाड हवी होती. पण पुन्हा करून बघायला लाकूड कुठलं?

गंगाबाईंनी उरलेल्या अर्ध्याकडे बोट केलं. "आता अर्ध्याचं दार व्हतंय व्हय? घ्या त्येबी."

पुढच्या दोन दिवसांत नवा सांधा झाला. या वेळी मोगरी अप्पांच्याच हातात होती. जोडलेलं लाकूड दोन दगडांवर ठेवून आम्ही तिघं त्यावर बसलो. ते कुरकुरलंही नाही. गंगाबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

"मी हैदराबादला येणार न्हाई," अप्पा म्हणाले. "लाकूड हिकडं पाठवा. हितं करतो." मी तिथूनच बंगल्याच्या मालकांना फोन लावला. ते कबूल झाले. पहिल्या गाडीत दाराचं लाकूड पाठवायचं, तेही ठरलं.

निघताना मी विचारलं, "अप्पा, फाटणार हे तुम्हाला आधी कसं कळलं?"

"आवाज बदलला हुता की."

जीप उदगीरच्या रस्त्याला लागली तरी मी तो आवाज आठवत होते. आठवत नव्हता, कारण मी ऐकलाच नव्हता. शिकले ते सगळं कागदावर. घरी, पुण्याला पोचल्यावर वखारीतून सागवानाचे तुकडे आणले आणि पाचरी मारत बसले. चार तुकडे फाटले. पाचव्याला ठोक्याचा आवाज किंचित बारीक झाला, आणि माझा हात थांबला.