फक्कीची रेघ मंगलच्या दाराशी

इंजिनिअर साहेबांनी फक्कीची पहिली रेघ मंगलच्या दारासमोर मारली, तेव्हा मी प्राणीघराच्या जाळीआडून बघत होते.

फक्की म्हणजे पांढरी पूड. बांधकाम कुठं येणार ते तिनं जमिनीवर आखतात. आमच्या कॅम्पसवर मेडिकल रिसर्चची नवी बिल्डिंग येणार होती. तिच्यासाठी दोन जागा बघितल्या होत्या. एक माझ्या प्राणीघराशेजारी, म्हणजे प्रयोगांचे ससे ठेवतात तिथं, दुसरी मंगलच्या ऑटोक्लेव्ह रूमशेजारी. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकरच. काचेच्या बाटल्या त्यात वाफेवर निर्जंतुक करतात. या दोन्ही खोल्या 'कॉमन', म्हणजे कॅम्पसवरची सगळी कॉलेजं त्या मिळून वापरतात. त्यामुळे आम्ही दोघी कुठल्याच कॉलेजच्या नव्हतो. मी खोडद गावची, ती आणे गावची. दोघी ठेकेदाराच्या माणसांत.

ठेकेदाराचे सुपरवायझर म्हणाले होते, "बिल्डिंग जिच्या शेजारी येईल, तिची खोली रिसर्चवाले घेणार. मग ती बाई ठेकेदाराकडं कशाला राहती? कायम व्हईल."

तेव्हापासून मला मंगलचं काही बघवेना. तिची नवी चप्पल बघवेना. तिचं हसणं तर लांबूनही टोचायचं.

फक्की पडायच्या आधी साहेब लोक जागा बघायला आले, त्या दिवशी मी सकाळीच पिंजरे धुतले. सशांचा भुसा बदलला, फरशीला फिनेल मारलं. साहेब दारापर्यंत आले आणि नाकाला रुमाल लावून मागं फिरले. मागं मोकळी जागा आहे, पाण्याची टाकी आहे, एवढंच मला सांगायचं होतं. मी मात्र हातातलं फडकं पिळत राहिले.

साहेब मंगलच्या दाराशी गेले, तर तिनंच सुरुवात केली.

"या पावणं! हितंच बांधा बिल्डिंग. माझा कुकर जवळ पडंल."

"कुकरात काय शिजवता, ताई?" साहेब लोकांतल्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"तुमच्या बाटल्या, मॅडम. वाफ गेली की तुमाला वाढती."

सगळे हसले. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला अजून दिसतो.

नंतर इंजिनिअर साहेब सुपरवायझरना कारण सांगत होते. वारा पश्चिमेकडून येतो, प्राण्यांचा वास थेट खिडक्यांत जाईल. निर्जंतुक बाटल्या उघड्यावरून, धुळीतून न्यायच्या नसतात, म्हणून ऑटोक्लेव्ह जवळ हवा. मी सगळं ऐकलं. पटलं काही नाही. मला वाटलं, त्या एका हसण्यावरच ठरलं.

फक्की पडली त्या संध्याकाळी गेटपाशी मंगल म्हणाली, "लई लांब तोंड केलंस गं. कायम झाले की तुला भेळ माझ्याकडनं."

"मला नगं," मी म्हणाले आणि एसटी दिसत नसतानाही रस्त्याकडं बघत राहिले.

भिंती चढल्या. नव्या बिल्डिंगमधून पॅसेज काढून ऑटोक्लेव्ह रूम आत घेतली. दाराला कार्ड लावायचं कुलूप बसलं. जुना कुकर गेला, कम्प्युटरवर चालणारं मशीन आलं. त्याच्यासोबत कोर्स केलेली एक मुलगी आली. तिला कार्ड मिळालं. मंगलला मिळालं नाही.

सुपरवायझर तिला घेऊन माझ्याकडं आले. "खोली घेतली त्यांनी. बाई न्हाई घेतली," ते म्हणाले. मला आनंद झाला, खोटं कशाला लिहू? पण ते पुढं म्हणाले, "आता हिला तुझ्याकडं ठेवतो. काम तसं एकीचंच हाय. थोडं दिवस बघू, मग कुणाला ठेवायचं ते ठरवू."

यातून मी एवढं शिकले, की मोठी बिल्डिंग शेजारी आली की खोलीचा भाव वाढतो, खोलीतल्या बाईचा नाही. हे कळलं तरी माझ्या पोटातली आग काही विझली नाही.

मंगलचे डोळे सुजलेले होते. काम दाखवणं मला भागच होतं. ससा कानाला धरून उचलायचा नसतो. एक हात छातीखाली घालायचा, दुसऱ्यानं मागचे पाय सावरायचे. पहिल्या सशानं तिला चांगलंच ओरबाडलं. मला बरं वाटलं. दुसरा तिच्या पोटाशी गेला आणि गप बसला.

"जमलं का गं?" तिनं हळूच विचारलं.

"जमलं," मी म्हणाले.

एवढ्या लवकर जमायला नको होतं.