स्पार्टाची बैलजोडी

नरोत्तम सर दोन चहा सांगायचे आणि दोन्ही ग्लास टेबलावर समोरासमोर मांडायचे. "हा स्पार्टा, जुना दादा. हा अथेन्स, नवा पैसेवाला. आता स्पार्टाच्या जागी अमेरिका समज, अथेन्सच्या जागी चीन." मग फुंकर मारून अमेरिका स्वतः पिऊन टाकायचे. गार झालेला चीन माझ्या वाट्याला. मी त्यांच्याच शाळेत गणित शिकवायचो, म्हणून इतिहासाला हक्काचा श्रोता मीच सापडलो होतो.

शहाद्याकडच्या आमच्या तापीकाठच्या गावात ग्रीकांच्या त्या पुरातन लढाईचं कोणाला सोयरसुतक? पण केळीचे ट्रक भरणारी पोरंसुद्धा सरांचं वाक्य पाठ म्हणायची: "वाढनारा लढाई लावत नही भो! तेले वाढतं देखीसन दुसराना पोटमा जे दुखस ना, ते लढाई लावस." एकाने विचारलं, "मंग जो जितना, तेले काय भेटनं?" सर हसले. "काय भेटी? दोन्ही थकी गयात, तिसराच येईसन बठना." अमेरिकेने हे ऐकलं असतं तर तिचं कल्याण झालं असतं, पण तिला आमच्या टपरीचा पत्ता ठाऊक नव्हता.

सरांना धाकटा भाऊ होता, छगन. पुस्तकाशी त्याचं कधी जमलं नाही, केळीशी मात्र फार जमलं. वेगळा निघाला, माडी बांधली, गुजरातेतून देखणी बैलजोडी आणली. आमच्याकडे पोळ्याला वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, आणि त्याखालून पहिली जोडी थोरल्या घराची जाते. ते घर सरांचं. त्या वर्षी छगन म्हणाला, "भाऊ, यंदा दोन्ही जोड्या बरोबर काढूत." बरोबर म्हणाला हो, पुढे नाही!

आता जगाचे तह तोंडपाठ असलेल्या विद्वानाने काय करावं? बैल वेशीत आडवे घातले. "आज बरोबर, मंग पुढे! माले समजत नही का?" मी हळूच विचारलं, "सर, पोटात दुखतंय का?" "तू गणित शिकव," ते खेकसले. दिवेलागणीपर्यंत गावाचे बैल झुली घालून ताटकळले. गाव उभं फाटलं. चहावाला तेवढा तटस्थ राहिला, कारण दोन्ही बाजू त्याच्याकडेच चहा प्यायच्या. शेवटी छगनने आपली जोडी माघारी वळवली. सर जिंकले. दोघांचं बोलणं बंद झालं, आणि थंडीत छगन शेती वाट्याने देऊन मुलाकडे सुरतेला निघून गेला.

पुढच्या पोळ्याला मान बिनविरोध होता. सर कासरा धरून तोरणाखाली उभे राहिले, आणि पाय उचलेना. वाजंत्रीवाले वाजवून दमले. सरांनी तिथूनच सुरतेला फोन लावला. कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून स्पीकरवर. सगळ्या गावाने ऐकलं.

"छगन, ये रे. तुन्ही जोडी पुढे काढूत."

"भाऊ, जोडी तं इकी टाकी मी."

सरांनी फोन खिशात घातला आणि बैल मागच्या गल्लीने घरी नेले. मला त्यांचा संताप आला होता, आणि कीवही. दुसऱ्या दिवशी टपरीवर त्यांनी एकच चहा सांगितला.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. मूलबाळ नव्हतं. छगन सुरतेहून आला, मडकं त्यानेच धरलं. मडकं धरणारा तिरडीच्या पुढे चालतो, तसा तो चालत होता. वेशीपाशी येऊन एकदम थांबला. मागे वळला आणि तिरडीकडे बघून म्हणाला, "भाऊ, तुम्ही चाला ना पुढे."